झाड नसलेल्या वावरात झोळी : दोन तिपाया, एक दांडा

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार

आज घट बसले. दुपारून शिंदखेड्याकडच्या आमच्या वावरात कापूस वेचणी बघायला गेलो आणि बरेच दिवस डोक्यात घोळणारं काम सुरू करायचं नक्की केलं.

काम असं. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. यंदा १२ तारखेला अमावस्या, म्हणजे आभाळ पूर्ण अंधारं. त्या रात्री तापीकाठच्या जिभाऊंच्या वावरात मुक्काम करायचा. उल्का बघायच्या तर तासन्‌तास उताणं पडावं लागतं. जमिनीवर ताडपत्री टाकून पडायला मन घेत नाही, कारण काळ्या जमिनीला हिवाळ्यात हातभर खोल भेगा असतात आणि त्यात विंचू, साप काय काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. झोळी हवी. पण आकाश मोकळं दिसायचं तर झाड नको, आणि त्या वावरात झाड नाहीच. बांधावर एक बाभूळ आहे, तीही एकटी.

बाजारात झोळीचे तयार लोखंडी स्टँड मिळतात. ते अंगणात ठेवायचे, मोटरसायकलवर न्यायचे नाहीत. जमिनीत खुंट्या ठोकून दोन खांब ताणायचे, ही दुसरी पद्धत. ती आपल्याकडे चालत नाही. कोरड्या काळ्या मातीत खुंटी भेगेत सैल पडते, नदीच्या वाळूत उपटून येते आणि सातपुड्याच्या कातळात ती शिरतच नाही. स्टँड असा हवा, की जो जमिनीकडे टेकायला जागा मागेल, पण धरून ठेव म्हणणार नाही.

वेचणीला आलेल्या एका मावशींनी लेकरासाठी तिपाई उभी केली होती. तीन काठ्या, वरून फूटभर खाली एक गाठ, पाय फाकवले आणि मधोमध लुगड्याची झोळी. पातीचं काम पुढे सरकलं की तिपाई उचलून पुढे. खुंटी नाही, खड्डा नाही. मी बराच वेळ ती गाठ बघत बसलो. तीन काठ्यांभोवती दोरी आठआठ वेढे नागमोडी घेतलेली, आणि काठ्यांच्या मधून दोन आवळवेढे. पाय फाकवले की गाठ आपोआप आणखी आवळते. यंदाचं सगळं काम या गाठीवर उभं करायचं.

१९ ऑक्टोबर

मोठ्या माणसाला एक तिपाई पुरत नाही. झोळी दोन टोकांना टांगावी लागते, आणि माणूस आत बसला की दोन्ही टोकं एकमेकांकडे ओढली जातात. नुसत्या दोन तिपाया ठेवल्या तर त्या आत कोलमडतील. त्यांना लांब ठेवायला मध्ये आडवा दांडा हवा.

ओढ किती येते याचा हिशेब आज वहीत केला. माणूस ८० किलोचा धरला. दोरी जमिनीच्या पातळीशी ३० अंशाचा कोन करत असेल तर प्रत्येक दोरीवर बरोबर ८० किलो ताण येतो. ३५ अंशाला तो ७० वर उतरतो. पण दोरी ताठ ओढून कोन १५ अंशावर आणला, तर तोच ताण १५५ किलोच्या आसपास जातो. ‘सपाट झोपायचं म्हणून दोरी ताठ बांधा’ असं बरेच जण सांगतात. ते ऐकलं की दोरी तुटते नाहीतर फांदी वाकते. सपाट पाठ हवी असेल तर झोळी सैल बांधून आत तिरकं, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे झोपायचं. रोज झोळीतच झोपणारी मेक्सिको, मध्य अमेरिकेकडची माणसं तसंच झोपतात.

३५ अंश ठरवले. कोनमापक लागत नाही. आडवं दहा बोटं गेलं तर खाली सात बोटं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

आणि आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : झोळीची दोरी तिपाईला बांधायचीच नाही, दांड्याच्या टोकांनाच अडकवायची. मग आतली ओढ, साधारण ५७ किलो, दांड्यातच दाब होऊन जिरते. तिपायांवर उरतं फक्त वजन, दोघींवर ४०-४० किलो. तिपाईने उभं राहायचं, दांड्याने दबायचं. कामाची अशी वाटणी झाली की तिपायांना बारीक बांबू चालतो.

२२ ऑक्टोबर

बांबू आणले. दोंडाईच्याला बुरुडाकडे सातपुड्यातला मानवेल मिळाला. मानवेल जवळजवळ भरीव असतो, कटांगसारखा पोकळ नाही, म्हणून पायांना तोच हवा. आप्पा बरोबर होते. त्यांनी प्रत्येक काठी खालच्या टोकाने दगडावर आपटून आवाज ऐकला. कोवळ्या बांबूचा आवाज बद्द येतो, पिकल्याचा खणखणीत. रंग हिरवा राहिलेल्या आणि पेरांवर पांढरी भुकटी असलेल्या काठ्या त्यांनी बाजूला काढल्या. तीन वर्षांखालचा बांबू वाळताना सुरकुततो आणि त्यात पिठूळपणा जास्त असल्यामुळे भुंगा लवकर लागतो.

सहा काठ्या, बुडाशी अंगठ्याहून चांगल्या जाड, ३२ ते ३५ मिमी. विहिरीच्या हौदात बुडवून ठेवल्या. पाण्यात राहिल्या की आतलं साखर-पिष्ट निघून जातं, मग भुंग्याला खायला उरत नाही. खरं तर तीन-चार आठवडे ठेवायला हव्यात. माझ्याकडे तेवढा वेळ नाही, म्हणून आठवड्याने काढून सावलीत वाळवणार आणि टोकांना जवसाचं तेल चोपडणार. हा बांबू दहा वर्षं टिकावा अशी अपेक्षा नाही. पाय बदलणं सोपं असावं, एवढं बघतोय.

१ नोव्हेंबर

पायांची लांबी ठरवली. दांडा साडेपाच फूट उंचीवर हवा, म्हणजे झोळी सव्वातीन-साडेतीन फूट खाली झुकली तरी बूड जमिनीपासून दोन-सव्वादोन फूट वर राहतं आणि उठून बसलं तर डोकं दांड्याला लागत नाही. त्यासाठी पाय ७६ इंच. पण ७६ इंचाची काठी मोटरसायकलवर आडवी न्यायची नाही आणि उभी बांधली तर वळणावर डोळ्यात जाईल. म्हणून प्रत्येक पाय ३८-३८ इंचांचे दोन तुकडे.

कापताना एक नियम पाळला : आरी पेराच्या लगेच पुढे चालवायची, म्हणजे टोकाला पेराचा भरीव पडदा येतो. जोडात दोन्ही पडदे एकमेकांवर टेकतात आणि वजन लाकडातून लाकडात उतरतं.

५ नोव्हेंबर

आज जोड. हे काम मला सगळ्यात आवडलं म्हणून सविस्तर लिहितो.

दोन तुकडे जोडायला बाहेरून नळी लागते, आणि बांबू काही गोल नसतो, एका बाजूला चपटा, दुसऱ्या बाजूला फुगीर, पेराशी आणखी वेगळा. लोखंडी नळी घेतली तर ती एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी खुळखुळ. पण आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या कोठीत पीव्हीसी पाईपचे तुकडे पडलेले असतात आणि पाईपलाईन टाकताना टोक शेकून सॉकेट करणं लहान पोरांनाही येतं. ४० मिमीच्या पाईपचे नऊ-नऊ इंचांचे सहा तुकडे कापले.

तुराट्यांचा जाळ केला, मोठा नाही. पाईप ज्वाळेत धरायचा नाही, ज्वाळेच्या वर वीतभर धरून सारखा फिरवायचा. काळा पडला की समजायचं जवळ गेला, आणि तो धूर नाकात घ्यायचा नाही. थोड्या वेळाने पाईप हातातल्या पोळीसारखा लोंबायला लागतो. त्या क्षणी खालच्या तुकड्याच्या टोकावर साडेचार इंच चढवायचा आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. ट्यूब गरम पीव्हीसीला बांबूवर सगळीकडून दाबते, पेराचा फुगवटा आणि चपटी बाजू हुबेहूब उठते. ओल्या फडक्याने गार केलं की ही बाजू कायमची बसली. निघू नये म्हणून त्यात एक आरपार खिळाही मारला, आधी बारीक ड्रिल पाडून, नाहीतर बांबू फाटतो.

दुसरी बाजू काढता-घालता यायला हवी. त्यासाठी वरच्या तुकड्याच्या टोकाला आधी वर्तमानपत्राचा एक पदर गुंडाळला, वर सेलोटेप, आणि मग नळीचा उरलेला भाग शेकून त्यावर चढवला. गार झाल्यावर कागद काढून टाकला. कागदाच्या जाडीएवढी फट राहते आणि तुकडा आत जाताना हवा दाबल्याचा बारीक आवाज येतो. तीन पायांवर हे पहिल्या फटक्यात जमलं, बाकीच्या तिघांवर परत शेकावं लागलं, पण पीव्हीसीचं हेच बरं की तो परत शेकता येतो.

प्रत्येक जोड त्याच्याच पायाला बसतो. म्हणून वर-खाली दोन्हीकडे सुरीने सारख्याच खुणा केल्या : एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. अंधारात बोटाने कळतात. उन्हाळ्यात बांबू आणखी वाळून बारीक होईल, तेव्हा जोड सैल पडले तर सुताचा एक वेढा देऊन घट्ट करायचे.

८ नोव्हेंबर

दांडा. इथे बांबू वापरला नाही. दहा फूट लांब काठीवर टोकाकडून दाब आला की ती चिरडत नाही, बाजूला वाकून निसटते. ऑयलरच्या सूत्राप्रमाणे वाकवायला लागणारं वजन लांबीच्या वर्गाने कमी होतं : लांबी दुप्पट केली तर ताकद चौथाई. बांबूत पेराप्रमाणे जाडी बदलते, कुठली काठी किती घेईल ते आधी सांगता येत नाही, आणि हा दांडा डोक्यावर असतो. म्हणून २५ बाय २५ मिमीचा चौकोनी लोखंडी पाईप घेतला, १.६ मिमी जाडीचा. हिशेबाने तो दहा फुटांवर पावणेतीनशे-तीनशे किलोपर्यंत तग धरतो. आपल्याला लागतात ५७. धाडकन बसलं की दुप्पट धरू. तरी जागा आहे.

दुकानदार वीस फुटांची पूर्ण लांबी देतो, अर्धी देत नाही. दहा फूट उरलेत, ते ठेवून दिलेत.

दांड्याचे तीन तुकडे, प्रत्येकी ४० इंच. आतून २० बाय २० च्या फूटभर नळ्या, सहा इंच इकडे, सहा तिकडे. पण मोठ्या पाईपचं आतलं माप पावणेबावीस मिमीच्या आसपास येतं, म्हणजे २० ची नळी आत खुळखुळते आणि दांडा जोडापाशी मोडल्यासारखा दिसतो. दाब घेणाऱ्या दांड्यात असा कोन चालत नाही. फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी नळीच्या चारही बाजूंना २२ गेज पत्र्याच्या पट्ट्या टाचून दिल्या आणि कानशीने घासून बसवल्या. आता तुकडे सरळ रेषेत येतात. दोन्ही टोकांपासून चार इंचांवर १० मिमीचा आरपार बोल्ट, दोरीचा फास त्याच्या आतून घसरू नये म्हणून. तोच बोल्ट तिपाईच्या काट्यात, म्हणजे गाठीच्या वर पायांच्या टोकांचा जो बेचका होतो त्यात, अडकतो, दांडा बाहेर सरकत नाही.

१४ नोव्हेंबर, पाडवा

आईने झोळी शिवली. जाड मांजरपाट, दोन पदरी, दहा फूट लांब, पाच फूट रुंद. टोकाला कापडाच्या चुण्या गोळा करून त्यावर दोरीचे वेढे आवळले. आईचा आग्रह म्हणून काठाला साडीची फॉल पट्टी आली, आणि ती चांगलीच झाली, काठ पोटरीला काचत नाही.

दोरी नायलॉनची घेतली नाही. ट्रकवर माल आवळायचा पॉलिस्टरचा पट्टा घेतला. नायलॉन रात्रभर ताणत जातो आणि पहाटे बूड जमिनीला लागतं. पॉलिस्टर फार ताणत नाही.

१९ नोव्हेंबर

अंगणात उभा केला. तिपाई बांधताना एक पाय बाहेरच्या दिशेला, दोन आडवे फाकलेले. फरशीवर पाय घसरतात, म्हणून तिन्ही पायांच्या घोट्यापाशी एक दोरी फिरवून पायबंद घातला. दांड्याची टोकं काट्यात ठेवली. झोळी अडकवली.

माणूस बसण्याआधी वजन. गव्हाला आणलेल्या युरियाच्या दोन गोण्या घरात होत्या. युरियाची गोणी आता ५० नाही, ४५ किलोची येते, म्हणजे दोन मिळून ९०. गोण्या ठेवल्यावर दांड्याच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणला आणि मध्यावर दोरा नि पाईप यातलं अंतर पट्टीने मोजलं : ४ मिमी. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळीही चारच. म्हणजे दांडा वजनाखाली हळूहळू वाकत जात नाहीये.

मग मी बसलो. आजूबाजूची मंडळी जमली होतीच. शेजारच्या आजीबाईंनी काठी टेकत विचारलं, “आठे झाड नही, खांब नही, झोळी बांधी कशी रे भो?” त्यांना आत बसवलं. पाय जमिनीवरून उचलल्यावर त्यांनी दांड्याकडे एकदा नीट बघितलं आणि मग पडून घेतलं.

२८ नोव्हेंबर

परवाच्या रविवारी अवकाळीने झोडपलं. वारा, गारा, फुटलेला कापूस भिजून लोंबतोय. आमचं नुकसान आहे, पण बऱ्याच जणांचं त्याहून कितीतरी जास्त आहे. दोन दिवस स्टँडकडे बघायची इच्छा झाली नाही.

आज वावरात पाणी काढायला गेलो तेव्हा तिपाई बरोबर नेली. अशी ओली काळी माती तपासायला परत कधी मिळणार? वजन टाकल्याबरोबर पाय चार-चार बोटं रुतले, आणि सारखे रुतले नाहीत म्हणून दांडा एका अंगाला गेला. जुन्या टायरचे तळहाताएवढे गोल कापून घेतले, मध्ये वाटीसारखी खाच ठोकली आणि प्रत्येक पायाखाली एक ठेवला. आता बोटभर रुततो आणि थांबतो. वाळूतही हेच चालेल.

५ डिसेंबर

बांधणी आणि थंडी.

बारा बांबूचे तुकडे, तीन लोखंडी, टायरचे सहा गोल आणि दोऱ्या मिळून साडेतेरा किलो. पाठीवर घेऊन डोंगर चढण्याचं हे सामान नाही. तोरणमाळला सात पायरीच्या घाटातून पायी जाताना मी हे नेणार नाही, तिथे वर झाडंही आहेत. मोटरसायकल, एसटी, भुसावळ-सुरत लाईनची पॅसेंजर, एवढ्यापर्यंत नेता येतं. सगळं चार फुटांच्या आत बसतं, गोणपाटात गुंडाळून एकच मोट होते.

झोळीत थंडी खालून लागते. पाठीखाली गोधडी घेतली तरी अंगाच्या वजनाने ती दबून जाते, तिच्यातली हवा निघते आणि ऊब संपते. आईने जुन्या गोधडीला चार कोपऱ्यांना बंद शिवले. ती झोळीच्या आत घ्यायची नाही, झोळीच्या खाली बाहेरून टांगायची, पाठीला जेमतेम टेकेल अशी. काल रात्री अंगणात करून बघितलं. फरक एवढा आहे, की अंगावरची एक चादर कमी केली.

१४ डिसेंबर

तापीकाठहून आत्ताच आलो, डोळे चुरचुरतायत, तरी लिहून ठेवतो.

संध्याकाळी पोचलो. उभा करायला पाव तास पुरला. माती वरून सुकलेली, आत ओल, टायर बरोबर बसले. दांड्यावरून मच्छरदाणी टाकता येते हा फायदा आधी मोजला नव्हता. नऊपर्यंत मच्छर होते, थंडी वाढल्यावर गेले, मग ती काढून टाकली.

पुनर्वसूचे दोन तारे पूर्वेला वर आले तशा उल्का सुरू झाल्या. या उल्का धूमकेतूच्या नाहीत, १९८३ साली उपग्रहाने शोधलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीच्या आहेत, आणि सेकंदाला ३५ किलोमीटरच्या आसपास येतात. ऑगस्टातल्यांपेक्षा खूप सावकाश. त्यामुळे ‘ती बघ’ म्हटल्यावर दुसऱ्यालाही मान वळवून दिसते. मध्यरात्रीनंतर मिथुन डोक्यावर आली आणि मान वळवायचंही काम उरलं नाही. दांडा आभाळाची एक बारीक पट्टी झाकतो. तिरकं झोपलं की ती पट्टी खांद्यावरून जाते. पहाटे एक जाड, हिरवट-पिवळी शिरपूरच्या बाजूला गेली आणि तिची रेघ थोडा वेळ राहिली. भाची तेव्हा झोळीत होती. तिने ती एकटीने पाहिली, आम्ही चहा करत होतो.

पट्टा रात्रभरात दोन बोटं उतरला. चालेल.

२४ डिसेंबर

जिभाऊ काल घरी आले ते मोजपट्टी घेऊनच. त्यांच्याकडे आठवड्यातले काही दिवस पंपाला रात्रीची लाईट असते. मग गव्हाला, केळीला पाणी भरायला रात्रभर वावरात. बारं बदलायच्या, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवायच्या, मधल्या वेळात ते बांधावर गोणपाट टाकून आडवे होतात. मागच्या हिवाळ्यात तिथेच गोणपाटाखाली घोणस निघाली होती. “हाई एक मन्हा वावरमा र्‍हाऊ दे,” म्हणाले.

त्यांच्यासाठी मापं थोडी बदलतोय. ते माझ्याहून जड, म्हणून पाय ३८ मिमीचे. झोळी जमिनीपासून जरा खाली, कारण चिखलाच्या पायाने रात्री दहादा उठबस करायची आहे. पायबंदाऐवजी घोट्याला सायकल चेनचा तुकडा, कारण दोरी उंदीर कुरतडतात. त्यांच्याकडे टॉर्च अडकवायला दांड्याच्या मधल्या तुकड्याला एक हुक टाचून देईन. दहा फूट पाईप कोठीत आहेच. बांबू त्यांच्या हौदात आज बुडवले, या खेपेला पूर्ण महिनाभर ठेवायचे.